संख्यांच्या यादीतील दीर्घतम अंकगणिती श्रेढीचा शोध : रीत, अचूकता आणि अर्थनिर्णय

गोषवारा : दिलेल्या संख्यांमधून समान अंतराने येणाऱ्या जास्तीत जास्त संख्या निवडणे, म्हणजेच दीर्घतम अंकगणिती श्रेढी शोधणे, हा संगणकशास्त्रातील एक परिचित प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या तीन भिन्न रूपांमधील फरक स्पष्ट केला असून, वरवर योग्य वाटणारी एक रीत चुकीचे उत्तर का देते व 'जोडी' हा एकक मानल्यावर ती चूक कशी दूर होते, हे लहान उदाहरणांच्या साहाय्याने विशद केले आहे. शेवटी भारतातील अवर्षणाच्या वर्षांची एक यादी घेऊन, संगणकाने शोधलेल्या श्रेढीला अर्थ केव्हा द्यावा व केव्हा देऊ नये, याचा ऊहापोह केला आहे.

बीजशब्द : अंकगणिती श्रेढी, अल्गोरिदम, गतिक नियोजन, उपप्रश्न, यदृच्छा, अवर्षण

१. प्रस्तावना

काही काळापूर्वी भूगोल विभागातील एका सहकाऱ्यांनी प्रस्तुत लेखकासमोर वर्षांची एक यादी ठेवली. १९६५, १९६६, १९६८, १९७२, १९७४, १९७९, १९८२, १९८६ आणि १९८७ ही ती वर्षे होत. देशभरातील नैऋत्य मोसमी पावसाची तूट दीर्घकालीन सरासरीच्या १० टक्क्यांहून अधिक राहिल्यामुळे ही वर्षे सर्वसाधारणपणे अखिल भारतीय अवर्षणाची म्हणून गणली जातात. यांपैकी १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मरणात आजही ताजा आहे. सहकाऱ्यांचा प्रश्न सरळ होता. या वर्षांत काही आवर्तन दडले आहे काय, हे संगणकाकडून तपासून घेता येईल काय?

प्रश्न सोपा वाटला म्हणून एक छोटासा प्रोग्रॅम तत्काळ लिहिला. त्याने उत्तर दिले : दीर्घतम श्रेढी ४ पदांची आहे, ती म्हणजे १९६५, १९७२, १९७९, १९८६. दर सात वर्षांनी अवर्षण! सहकाऱ्यांना आनंद झाला. नंतर प्रोग्रॅम नीटनेटका करताना एका तुलनेत 'पेक्षा मोठे' या चिन्हाऐवजी 'पेक्षा मोठे किंवा समान' हे चिन्ह आले. वस्तुतः अशा बदलाने उत्तरात फरक पडावयास नको. परंतु आता त्याच यादीसाठी उत्तर आले : २. यादी तीच, रीत तीच, आणि उत्तरे मात्र दोन.

या प्रसंगातून दोन प्रश्न उभे राहिले. पहिला संगणकशास्त्राचा : अचूक उत्तराची हमी देणारी रीत कोणती? दुसरा सर्वच विद्याशाखांचा : अचूक रीतीने सापडलेल्या श्रेढीला काही अर्थ आहे, हे कशावरून ठरवावे? प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे. पुढील विवेचनासाठी शालेय बीजगणितापलीकडील पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही.

२. प्रश्नाची मांडणी

ज्या क्रमिकेत प्रत्येक पद व त्याच्या आधीचे पद यांतील फरक स्थिर असतो, तिला अंकगणिती श्रेढी म्हणतात व त्या स्थिर फरकास सामान्य फरक म्हणतात. हा विषय आपल्याकडे नवा नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) 'श्रेढीव्यवहार' हे प्रकरणच आहे. त्यात पहिल्या पदास 'आदि', सामान्य फरकास 'चय' आणि पदसंख्येस 'गच्छ' अशा संज्ञा आहेत. तेथे श्रेढी दिलेली असते व तिची बेरीज किंवा तिचे एखादे अंग काढावयाचे असते. आपला प्रश्न याच्या उलट आहे. येथे श्रेढी दिलेली नाही. ती इतर अनेक संख्यांच्या गर्दीत विखुरलेली आहे आणि ज्या श्रेढीचा गच्छ सर्वांत मोठा, ती शोधून काढावयाची आहे.

मात्र 'यादीतील श्रेढी' या शब्दप्रयोगाचे तीन वेगवेगळे अर्थ संभवतात. ते आरंभीच वेगळे केले नाहीत तर पुढचे सर्व विवेचन निष्फळ ठरते.

(अ) सलग श्रेढी : पदे यादीत एकमेकांलगत असली पाहिजेत.
(आ) क्रमबद्ध श्रेढी : मधल्या संख्या वगळता येतात, परंतु पदांचा क्रम यादीतील क्रमाप्रमाणेच असला पाहिजे.
(इ) संचातील श्रेढी : क्रमाचे बंधन नाही. संख्या कोणत्याही क्रमाने दिलेल्या असोत, त्या चढत्या क्रमाने लावून श्रेढी शोधावयाची.

५, ८, ११, १७, २३ ही यादी घेऊ. सलग श्रेढी ३ पदांची आहे (५, ८, ११ किंवा ११, १७, २३). ८ वगळण्याची मुभा दिली की ५, ११, १७, २३ ही ४ पदांची श्रेढी मिळते. आता ह्याच पाच संख्या १७, ५, २३, ११, ८ अशा क्रमाने लिहिल्या, तर संचातील श्रेढी ४ पदांचीच राहते. परंतु क्रमबद्ध श्रेढी केवळ २ पदांची उरते, कारण या क्रमात समान फरकाची तीन पदे कोठेही सापडत नाहीत. प्रश्नाचे रूप बदलताच उत्तर बदलते.

सलग श्रेढीचा प्रश्न सर्वांत सुलभ आहे. यादीवरून एकदाच डावीकडून उजवीकडे जावे. लगतचा फरक पूर्वीइतकाच असेल तर लांबी एकाने वाढवावी, नसेल तर पुन्हा २ पासून मोजावे. यादीत म इतक्या संख्या असतील तर काम मच्या प्रमाणात होते. खरी अडचण उरलेल्या दोन रूपांत आहे. यापुढे मुख्यतः संचातील श्रेढीचा विचार केला असून, संख्या भिन्न आहेत व त्या चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत असे मानले आहे.

३. सर्व शक्यता तपासण्याची रीत

सर्वांत भाबडी रीत म्हणजे प्रत्येक उपसंच घेऊन तो श्रेढी आहे काय, हे पाहणे. ९ वर्षांच्या यादीचे ५१२ उपसंच होतात, तेव्हा येथे ही रीत चालून जाईल. परंतु ३० संख्यांचे उपसंच १,०७,३७,४१,८२४ होतात. यादीत एक संख्या वाढली की काम दुप्पट होते. अशी रीत व्यवहारात निरुपयोगी ठरते.

यातून सुटका करणारे निरीक्षण साधे आहे. श्रेढीची पहिली दोन पदे ठरली की संपूर्ण श्रेढी ठरते. ५ व ११ ही पहिली दोन पदे असतील तर पुढचे पद १७ च असणार, त्यानंतरचे २३ च. म्हणून उपसंच तपासण्याऐवजी केवळ जोड्या तपासाव्यात. म संख्यांच्या जोड्या म(म−१)/२ होतात. ९ संख्यांच्या ३६, तर ३० संख्यांच्या ४३५. शंभर कोटींहून अधिक शक्यतांचे काम ४३५ जोड्यांवर येते.

प्रत्येक जोडी घेऊन पुढचे अपेक्षित पद यादीत आहे काय, हे पाहत जावे व ते नसेल तेथे थांबावे. ही रीत अचूक आहे. परंतु तीत एकच काम पुनःपुन्हा होते. (५, ११) या जोडीपासून निघालेला शोध १७ व २३ पर्यंत जातो. पुढे (११, १७) ही जोडी घेतली की ११ पासून २३ पर्यंतची वाट पुन्हा चालावी लागते. दीर्घ श्रेढ्या असलेल्या मोठ्या यादीत ही पुनरावृत्ती महाग पडते. एकदा मिळवलेले उत्तर नोंदवून ठेवावे व पुढे वापरावे, हा विचार येथूनच सुचतो. संगणकशास्त्रात या तत्त्वास गतिक नियोजन असे म्हणतात.

४. एक मोहक चूक

कोणते उत्तर नोंदवून ठेवावे, हा मर्माचा प्रश्न आहे. चढत्या उपक्रमिकेच्या प्रश्नात प्रत्येक संख्येपाशी एकच नोंद पुरते, ती म्हणजे 'या संख्येवर संपणाऱ्या दीर्घतम उपक्रमिकेची लांबी'. हा प्रश्न अभ्यासक्रमात बहुधा आधी येतो. त्यामुळे विद्यार्थी तीच कल्पना येथेही लावतो : प्रत्येक संख्येपाशी तिच्यावर संपणारी दीर्घतम श्रेढी व तिचा फरक नोंदवावा आणि पुढची संख्या त्या फरकात बसली तर लांबी वाढवावी. प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रोग्रॅम याच विचाराने लिहिलेला होता.

ही रीत ५, ८, ११, १७, २३ या यादीवर चालवून पाहू. ८ पाशी नोंद होते : लांबी २, फरक ३. ११ पाशी ५, ८, ११ ही श्रेढी मिळते, म्हणून नोंद होते : लांबी ३, फरक ३. येथे ५, ११ ही दोनच पदांची श्रेढी तिच्याहून आखूड म्हणून टाकून दिली जाते. आता १७ आले. ११ पासून त्याचा फरक ६ आहे, पण ११ च्या नोंदीत फरक ३ आहे. म्हणून लांबी पुन्हा २ होते. २३ पाशी ती फार तर ३ होते. रीतीचे उत्तर ३, आणि खरे उत्तर ४.

चूक कोठे झाली? ११ पाशी जी श्रेढी आखूड म्हणून टाकली, तीच पुढे दीर्घतम होणार होती. चढत्या उपक्रमिकेत हे घडत नाही, कारण पुढे काय जोडता येईल हे तेथे केवळ शेवटच्या संख्येवर अवलंबून असते. श्रेढीत ते शेवटचे पद आणि फरक या दोन्हींवर अवलंबून असते. भविष्यासाठी आवश्यक असलेली माहिती नोंदीत आली नाही, तर आजचे सर्वोत्तम उत्तर उद्याचे सर्वोत्तम उत्तर घडवू शकत नाही.

अवर्षणाच्या यादीवरील दोन उत्तरांचा उलगडाही यातूनच होतो. १९७२ पाशी १९६५, १९६६ व १९६८ यांपैकी कोणाशीही जोडी केली तरी लांबी २ च येते. यांतील कोणती नोंद ठेवावी याबाबत रीत मौन बाळगते. 'पेक्षा मोठे' हे चिन्ह असेल तर पहिली जोडी टिकते, फरक ७ नोंदवला जातो आणि पुढे योगायोगाने १९७९ व १९८६ त्यात बसतात. 'मोठे किंवा समान' असेल तर शेवटची जोडी टिकते व फरक ४ नोंदवला जातो. त्या फरकाने अपेक्षित असलेले १९७६ यादीत नाही. पुढील प्रत्येक वर्षापाशी हेच घडते व उत्तर २ वरच अडकते. पहिल्या प्रोग्रॅमचे ४ हे उत्तर बरोबर होते, परंतु ते रीतीच्या अचूकतेमुळे नव्हे, तर निव्वळ सुदैवाने. एका उदाहरणावर योग्य उत्तर येणे हा अचूकतेचा पुरावा नव्हे, हे वर्गात अनेकदा सांगितलेले वाक्य येथे स्वतःच्याच कामातून पटले.

५. जोडीचा तक्ता

दुरुस्ती चुकीच्या कारणातच दडलेली आहे. नोंद संख्येपाशी नव्हे, तर जोडीपाशी ठेवावी. ज्या श्रेढीची शेवटची दोन पदे क व ख आहेत, अशा दीर्घतम श्रेढीची लांबी ही (क, ख) या जोडीची नोंद होय. जोडी सांगितली की शेवटचे पद आणि फरक दोन्ही कळतात.

नोंद भरण्याचा नियम असा : (क, ख) जोडीसाठी क च्या आधीचे पद २क − ख असले पाहिजे. ही संख्या यादीत नसेल तर नोंद २. यादीत असेल तर (२क − ख, क) या जोडीच्या नोंदीत १ मिळवावा. ५, ८, ११, १७, २३ या यादीसाठी तक्ता पुढीलप्रमाणे भरतो.

(५, ८) : २
(५, ११) : २
(८, ११) : आधीचे पद ५. (५, ८) ची नोंद २ + १ = ३
(५, १७) : २
(८, १७) : २
(११, १७) : आधीचे पद ५. (५, ११) ची नोंद २ + १ = ३
(५, २३) : २
(८, २३) : २
(११, २३) : २
(१७, २३) : आधीचे पद ११. (११, १७) ची नोंद ३ + १ = ४

मोठ्यात मोठी नोंद ४ आहे व तेच उत्तर आहे. प्रत्यक्ष श्रेढी हवी असल्यास २३, १७ पासून मागे ६-६ ने उतरत जावे. मागील रीतीने टाकून दिलेली (५, ११) ही जोडी येथे जपून ठेवली गेली व वेळ येताच कामी आली. कोणतीही जोडी दुसरीला हटवत नाही. त्यामुळे समान लांबीच्या दोन नोंदींपैकी कोणती ठेवावी, हा प्रश्नच उद्भवत नाही. अवर्षणाच्या यादीसाठी असा ३६ नोंदींचा तक्ता भरला असता उत्तर ४ हेच येते आणि ४ पदांची श्रेढी वर दिलेली एकच असल्याचेही दिसते.

आधीचे पद यादीत आहे काय, हे पटकन कळण्यासाठी संगणकात हॅश तक्ता वापरता येतो. तो टाळावयाचा असेल तर चढत्या क्रमाचा लाभ घेता येतो. मधले पद ख स्थिर धरावे. एक बोट ख च्या लगेच डावीकडील संख्येवर (क) व दुसरे लगेच उजवीकडील संख्येवर (ग) ठेवावे. क + ग ही बेरीज २ख पेक्षा कमी असेल तर उजवे बोट पुढे सरकवावे. जास्त असेल तर डावे बोट मागे सरकवावे. समान असेल तर क, ख, ग ही तीन पदे श्रेढीत आहेत. मग नोंद करून दोन्ही बोटे सरकवावीत. बोटे कधीच उलट फिरत नसल्याने एका ख साठी फार तर म इतकी पावले पडतात व एकूण काम मच्या वर्गाच्या प्रमाणात राहते. मधली पदे डावीकडून उजवीकडे क्रमाने घेतली की (क, ख) ची नोंद तोवर पूर्ण झालेली असते व तिच्यावरून (ख, ग) ची नोंद भरता येते.

क्रमबद्ध श्रेढीच्या रूपात, जेथे दिलेला क्रम मोडावयाचा नसतो, तेथे बोटांची युक्ती लागू पडत नाही. तेथे प्रत्येक स्थानापाशी फरकानुसार नोंदींची एक छोटी वही ठेवावी. 'या स्थानावर संपणारी, अमुक फरकाची दीर्घतम श्रेढी' असे तिच्यातील नोंदीचे स्वरूप असते. येथे फरक ऋण किंवा शून्यही असू शकतो. तत्त्व मात्र तेच राहते : शेवटचे पद व फरक मिळून एक नोंद.

६. काळ आणि स्मृती यांचा हिशेब

जोडीच्या तक्त्यास मच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ तर लागतोच, परंतु स्मृतीही तितकीच लागते. १०,००० संख्यांच्या ४,९९,९५,००० जोड्या होतात. प्रत्येक नोंदीस २ बाइट धरले तरी सुमारे १० कोटी बाइट जागा हवी. आजच्या संगणकास ते जड नाही. परंतु १ लाख संख्या घेतल्या तर जोड्या सुमारे ५०० कोटी होतात व ४ बाइटच्या नोंदींना सुमारे २,००० कोटी बाइट लागतात. येथे वेळेच्या आधी स्मृतीच संपते.

केवळ दीर्घ श्रेढ्यांमध्येच रस असेल तर एक साधा युक्तिवाद उपयोगी पडतो. चढत्या क्रमाने लावलेल्या १०,००० संख्यांत १०१ पदांची श्रेढी आहे असे समजा. तिच्या लगतच्या पदांमध्ये १०० अंतरे आहेत. यादीतील स्थानांच्या हिशेबाने या अंतरांची बेरीज ९,९९९ पेक्षा अधिक असू शकत नाही. म्हणून निदान एक अंतर ९९ स्थानांचे किंवा त्याहून कमी असलेच पाहिजे. याचा अर्थ, एकमेकींपासून ९९ स्थानांच्या आत असलेल्या जोड्याच तपासल्या तरी ती श्रेढी निसटणार नाही. अशा जोड्या ९,८५,०५० आहेत, म्हणजे एकूण जोड्यांच्या सुमारे दोन टक्के. प्रत्येक जोडी दोन्ही दिशांनी वाढवून पाहिली की पुरे. मोठ्या तक्त्याची गरजच उरत नाही. उत्तर जितके दीर्घ, तितका त्याचा शोध सोपा, असा हा काहीसा अनपेक्षित निष्कर्ष आहे. जेफ एरिकसन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नासाठी उत्तराच्या लांबीनुसार वेग बदलणाऱ्या रीती मांडल्या आहेत.

मग मच्या वर्गापेक्षा पुष्कळ कमी वेळात हा प्रश्न सर्वच याद्यांसाठी सोडवता येईल काय? 'दिलेल्या संख्यांत ३ पदांची तरी श्रेढी आहे काय' एवढाच लहान प्रश्न घेतला तरी अडचण उभी राहते. तो एका प्रसिद्ध प्रश्नाशी निगडित आहे : दिलेल्या संख्यांत बेरीज शून्य होणाऱ्या तीन संख्या आहेत काय? गायेंटान व ओव्हरमार्स यांनी १९९५ मध्ये या प्रश्नाभोवती कठीण प्रश्नांचा एक वर्गच मांडला. २०१४ मध्ये ग्रॉनलुंड व पेटी यांनी वर्गाहून किंचित कमी वेळाची रीत दिली, परंतु ती सुधारणा अल्प आहे. डुडेक, गाव्रिखोव्स्की व स्टारिकोव्स्काया यांनी २०२० मध्ये, तीन पदांच्या श्रेढीचा प्रश्न काठिण्याच्या दृष्टीने या बेरजेच्या प्रश्नाच्याच तोलाचा असल्याचे दाखवले. तात्पर्य, जोडीच्या तक्त्याहून लक्षणीय वेगवान अशी सर्वसाधारण रीत मिळण्याची आशा आजमितीस फारशी नाही.

७. सापडलेल्या श्रेढीचा अर्थ

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १९६५, १९७२, १९७९, १९८६ ही श्रेढी अचूक रीतीने सापडली आहे. मग अवर्षण दर सात वर्षांनी येते, असे म्हणावे काय?

येथे व्हॅन डर वार्डेन यांचा १९२७ चा सिद्धांत मार्गदर्शक ठरतो. त्याचे सर्वांत लहान रूप असे : १ ते ९ या संख्या दोन गटांत कशाही विभागल्या, तरी एका गटात ३ पदांची श्रेढी येतेच. ८ पर्यंत ती टाळता येते. १, ४, ५, ८ हा एक गट व २, ३, ६, ७ हा दुसरा गट घ्यावा. दोहोंत एकही त्रिपद श्रेढी नाही. परंतु ९ ही संख्या पहिल्या गटात टाकली तर १, ५, ९ तयार होते, आणि दुसऱ्यात टाकली तर ३, ६, ९. वर्षांच्या भाषेत सांगावयाचे तर कोणतीही ९ सलग वर्षे 'बरी' व 'वाईट' अशी विभागली की समान अंतराची तीन बरी किंवा तीन वाईट वर्षे मिळणारच. त्यासाठी पावसात आवर्तन असण्याची गरज नाही. दोन गटांत ४ पदांची श्रेढी अटळ होण्यास ३५ व ५ पदांची अटळ होण्यास १७८ सलग संख्या लागतात. पुरेशा मोठ्या यादीत नियमितपणाचा पूर्ण अभाव हीच अशक्य गोष्ट आहे.

परंतु 'अटळ आहे काय' यापेक्षा 'योगायोगाने किती अपेक्षित आहे' हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. १९६५ ते १९८७ ही २३ वर्षे होतात. त्यांत ४ पदांच्या एकूण श्रेढ्या किती संभवतात? फरक १ असेल तर २०, फरक २ असेल तर १७, आणि याप्रमाणे फरक ७ पर्यंत अनुक्रमे १४, ११, ८, ५ व २. एकूण ७७. आता २३ पैकी ९ वर्षे चिठ्ठ्या टाकून निवडली, तर एखाद्या ठरावीक श्रेढीची चारही वर्षे त्यांत येण्याची संभाव्यता (९×८×७×६)/(२३×२२×२१×२०) म्हणजे सुमारे ०.०१४२ असते. हिला ७७ ने गुणल्यास सुमारे १.१ येते. म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नऊ वर्षांतही ४ पदांची सरासरी एक श्रेढी सापडेल. आपल्याला नेमकी एक सापडली. जे योगायोगाने सापडावयाचे होते, तेवढेच सापडले. हा हिशेब ढोबळ आहे, कारण यादीची सुरुवात व अखेर आपणच निवडलेल्या आहेत आणि लगतच्या वर्षांचा पाऊस परस्परांपासून संपूर्णतः स्वतंत्र मानता येत नाही. तथापि सात वर्षांच्या आवर्तनाचा दावा खोडण्यास तो पुरेसा आहे.

काळानेही हाच निर्वाळा दिला. १९८६ नंतर या श्रेढीची पुढील पदे १९९३, २००० व २००७ ही होत. ही तिन्ही वर्षे अखिल भारतीय अवर्षणाची ठरली नाहीत. २०१४ मध्ये मात्र अवर्षण होते. ज्याला आवर्तन मानावयाचेच आहे तो तीन चुकांकडे दुर्लक्ष करून हे एक साम्य पुढे करील. १९८६ मध्ये कोणी ही श्रेढी प्रमाण मानून पीकनियोजन किंवा धान्यसाठ्याचा आराखडा आखला असता, तर १९८७ चे तीव्र अवर्षण त्याला अनपेक्षितच ठरले असते, कारण ते श्रेढीत बसत नाही.

याच्या उलट उदाहरण मूळ संख्यांचे आहे. १९९ पासून २१० च्या फरकाने गेल्यास १९९, ४०९, ६१९, ८२९, १०३९, १२४९, १४५९, १६६९, १८७९, २०८९ या दहाही संख्या मूळ आहेत. येथील २१० हा फरक योगायोग नव्हे. १० पदांच्या अशा श्रेढीचा फरक २, ३, ५ व ७ या सर्वांनी विभाज्य असलाच पाहिजे, अन्यथा एखादे पद त्यांपैकी कोणाच्यातरी पटीत येते. बेन ग्रीन व टेरेन्स ताओ यांनी २००४ मध्ये सिद्ध केले की मूळ संख्यांत कितीही लांबीच्या श्रेढ्या आहेत. प्रत्यक्ष शोधात २०१९ मध्ये २७ पदांची श्रेढी हाती लागली. येथे नियमितपणामागे सिद्ध केलेले कारण उभे आहे. अवर्षणाच्या श्रेढीमागे तसे कोणतेही कारण आपण दिलेले नाही.

८. वेगाचा खरा उपयोग

९ संख्यांची यादी हाताने तपासता येते. मग अल्गोरिदमच्या वेगाची एवढी चर्चा कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मागील परिच्छेदांतच आहे. आपल्या यादीत ४ पदांची श्रेढी सापडली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तितक्याच संख्यांच्या हजारो यादृच्छिक याद्या तयार करून प्रत्येकीतील दीर्घतम श्रेढी काढावी आणि आपले उत्तर त्या उत्तरांच्या गर्दीत कोठे बसते, ते पाहावे. बहुतेक यादृच्छिक याद्यांहून ते ठळकपणे मोठे असेल तरच पुढील शोधास आधार आहे. म्हणजे एका यादीचा अर्थ लावण्यासाठी तीच रीत हजारो वेळा चालवावी लागते. रीत चुकीची असेल तर ही तुलनाही चुकते, आणि रीत मंद असेल तर तुलना केलीच जात नाही. अचूकता आणि वेग हे केवळ परीक्षेतील प्रश्न नसून अर्थनिर्णयाची पूर्वअट आहेत.

इतिहासातील घटनांची वर्षे, बाजारभावातील चढउतार, शिलालेखांतील तिथी, रुग्णसंख्येच्या नोंदी अशा अनेक ठिकाणी अभ्यासक समान अंतरे शोधत असतो. शोधणाऱ्याला ती बहुधा सापडतात. म्हणून सापडलेल्या आवर्तनासोबत तीन गोष्टी नमूद करण्याचा प्रघात पडावा, असे सुचवावेसे वाटते : श्रेढीचा शोध कोणत्या अर्थाने (सलग, क्रमबद्ध की संचातील) घेतला, एकूण किती शक्यता तपासल्या, आणि निव्वळ योगायोगाने तेवढी लांबी किती वेळा मिळाली असती.

९. समारोप

दीर्घतम अंकगणिती श्रेढीचा प्रश्न मांडायला दोन ओळी पुरतात. परंतु त्याच्या उत्तरात दोन धडे सामावलेले आहेत. पहिला असा की, लहान प्रश्नांच्या उत्तरांतून मोठे उत्तर उभे करताना लहान प्रश्न कोणता निवडला, यावर सारे अवलंबून असते. संख्येपाशी ठेवलेली नोंद अपुरी पडते, जोडीपाशी ठेवलेली पुरते. दुसरा असा की, 'आहे काय' या प्रश्नाचे उत्तर संगणक देतो, 'अर्थ आहे काय' या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकाने द्यावयाचे असते.

भूगोल विभागातील सहकाऱ्यांना हा सर्व हिशेब दाखवला, तेव्हा सात वर्षांचे आवर्तन त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवले. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा होता : यादी अशी तुटक न घेता दरवर्षीच्या तुटीचे आकडेच घेतले तर काय दिसेल? तो प्रश्न श्रेढीचा नाही व त्यासाठी निराळी साधने लागतील. परंतु योग्य प्रश्नापर्यंत पोहोचण्यास चुकीच्या उत्तराची नीट तपासणी उपयोगी पडली, हे येथे नोंदवणे अगत्याचे वाटते.